पत्रादेवीचा गोळीबार आणि तुटलेले संबंध : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पेडण्याची. शाळेत इतिहास शिकवत होते तेव्हा दर वर्षी ऑगस्टमध्ये मुलांना घेऊन पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकाला जायचे. नोकरी संपली, पण प्रश्न संपले नाहीत. मुलं विचारतात, त्यांचे पालक विचारतात, सावंतवाडीकडून येणारे पाहुणे तर हमखास विचारतात. तेच इथे लिहून ठेवले आहेत.

१५ ऑगस्ट १९५५ ला नेमकं काय झालं?

त्या दिवशी देशभरातून आलेले काही हजार सत्याग्रही एकाच वेळी वेगवेगळ्या वाटांनी तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात असलेल्या गोव्याच्या हद्दीत शिरले. उत्तरेला बांद्याकडून पत्रादेवी, समुद्राच्या अंगाला तेरेखोल, पूर्वेला कॅसलरॉकचा घाट, दक्षिणेला कारवारकडून पोळे. दिवस श्रावणातले. आमच्याकडे त्या सुमाराला पाऊस कसा लागतो ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. चिखलातून, भिजलेल्या कपड्यांनी, तिरंगा घेऊन, घोषणा देत ही माणसं चालत आली. कोणाच्याही हातात शस्त्र नव्हतं, आणि उलट हात उचलायचा नाही हे आधीच ठरलेलं होतं.

पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक माणसं गेली, जखमी त्याहून कितीतरी जास्त.

स्मारकापाशी मुलांना मी नावं मोठ्याने वाचायला लावायचे. पत्रादेवीला पडलेला कर्नैल सिंग हा पंजाबातल्या लुधियाना जिल्ह्यातल्या इसरू गावचा तरुण. सागरहून आलेल्या सहोदराबाई राय झेंडा घेऊन चालत होत्या, त्यांना गोळ्या लागल्या. त्या वाचल्या आणि पुढे लोकसभेवर निवडून गेल्या. उज्जैनचे राजाभाऊ महाकाळ गेले. तेरेखोलला पनवेलचे हिरवे गुरुजी गेले. एकदा पाचवीतल्या एका मुलीने मला विचारलं, "बाई, ह्यांचं गोव्यात कोण होतं?" कोणी नव्हतं. त्यातल्या कित्येकांनी त्याआधी गोवा पाहिलासुद्धा नव्हता.

हे एकाएकी घडलं का?

नाही. १८ जून १९४६ ला डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात सभाबंदी मोडली, तेव्हापासून सत्याग्रह आणि अटका हे चक्र चालूच होतं. १५ ऑगस्ट १९५४ ला आल्फ्रेद आफोंस यांच्या तुकडीने तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा लावला. त्या वर्षी भारत सरकार फक्त गोंयकारांनाच हद्द ओलांडू देत होतं. पुढच्या वर्षी चित्र पालटलं. पुण्यात गोवा विमोचन साहाय्यक समिती उभी राहिली आणि १८ मे १९५५ ला नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट पहिली मोठी तुकडी घेऊन आत गेले. बापट तेव्हा पंचाहत्तरीला टेकले होते. मग पावसाळाभर तुकड्यांमागून तुकड्या. बेदम मारायचं आणि हद्दीपार आणून टाकायचं, नाहीतर वर्षानुवर्षांची शिक्षा ठोठावायची, अशी पोलिसांची पद्धत होती. मधू लिमये, शिरूभाऊ लिमये, त्रिदिब चौधुरी, जगन्नाथराव जोशी हे सगळे त्याच वर्षी पकडले गेले. मारहाणीत माणसं मेली ती १५ ऑगस्टच्या आधीपासून.

निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडायचं पोर्तुगीज सरकार काय कारण देत होतं?

आक्रमण. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या सरकारच्या लेखी गोवा ही वसाहत नव्हतीच. १९५१ मध्ये त्यांनी आपल्या घटनेत बदल करून वसाहतींना 'सागरापारचे प्रांत' म्हणायला सुरुवात केली होती. गोवा म्हणजे लिस्बनइतकाच पोर्तुगाल, तेव्हा हद्द ओलांडणारा माणूस शत्रू, असा त्यांचा हिशेब. शब्द बदलून पाखल्यांना (पोर्तुगिजांना आमच्याकडे असंच म्हणतात) वाटलं प्रश्न मिटला. पेडण्याच्या आमच्या गावांना, जी अठराव्या शतकाच्या अखेरीस नव्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगिजांनी मागाहून जिंकलेल्या मुलखात, गेली, आपण लिस्बनचे असल्याचं कधी स्वप्नातही आलं नसेल.

भारताने लगेच काय केलं?

मुंबईसह अनेक शहरांत हरताळ पडले, लोक खवळून उठले, आणि चारच दिवसांत, १९ ऑगस्टला, सरकारने पोर्तुगालच्या भारतातल्या वाणिज्य दूतकचेऱ्या बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. १ सप्टेंबरपासून भारताने गोव्यातली आपली कचेरीही बंद केली.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. 'गोळीबार झाला आणि संबंध तुटले' असं एका वाक्यात सांगितलं जातं. खरं तर ते पायरी-पायरीने तुटत आले होते. २७ फेब्रुवारी १९५० ला भारताने बोलणी सुरू करायला सांगितलं. पोर्तुगालने बोलण्यासारखं काही नाहीच असं कळवलं. ११ जून १९५३ ला भारताने लिस्बनमधली वकिलात बंद केली. जुलै १९५५ च्या अखेरीला, सत्याग्रहींना गुरासारखं मारल्याच्या बातम्या रोज येत असताना, दिल्लीतली पोर्तुगीज वकिलात ८ ऑगस्टपासून बंद करायला सांगितलं. म्हणजे १५ तारखेला गोळ्या सुटल्या तेव्हा दोन्ही राजधान्यांत एकमेकांचा वकील उरला नव्हता. शिल्लक होत्या त्या मुंबई-पणजीकडच्या कचेऱ्या, जिथे सामान्य माणसाचे कागद होत. गोळीबाराने त्या गेल्या.

मग निरोप कोण पोचवायचं?

तिसरे देश. भारतातली पोर्तुगालची कामं ब्राझीलकडे गेली, तर भारताची गोव्यातली कामं इजिप्तकडे. बांदा आणि पत्रादेवी ह्यांत चालत जाण्याइतकं अंतर; त्यातल्या तक्रारीला कैरोचा वळसा.

नेहरूंनी सत्याग्रह का थांबवला?

हा सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात बहुतेक वेळा राग असतो. सप्टेंबर १९५५ च्या सुरुवातीला सरकारने ठरवलं की सामुदायिक तर नाहीच, एकट्यादुकट्यानेही सत्याग्रहासाठी हद्द ओलांडायची नाही. सरहद्दीवर आता भारतीय पोलीसच सत्याग्रहींना अडवू लागले.

सरकारची बाजू अशी होती : समोरचा गोळ्या घालणार हे माहीत असताना माणसं पाठवत राहिलो तर दोनच शेवट संभवतात, आणखी प्रेतं किंवा सैन्य. आणि जगाला शांततेचा मार्ग सांगणाऱ्या देशाला तेव्हा सैन्य पाठवायचं नव्हतं. जुलैतच नेहरू रोमला पोपना भेटून आले होते. पोर्तुगाल हा प्रश्न ख्रिस्ती धर्माच्या रक्षणाचा म्हणून रंगवत होता, तो रंग त्यांना पुसायचा होता. राजनैतिक मार्गावर त्यांचा विश्वास होता.

मला हे कळतं, तरी पटत नाही. दबाव टाकायचा तर तो दोन्ही हातांनी टाकायला हवा होता. कचेऱ्या बंद केल्या, माणसं मागे घेतली, आणि आत राहिलेल्या गोंयकाराच्या वाट्याला काय आलं? तुरुंग, एजंट मोन्तेरोसारख्या पोलिसांची दहशत आणि सहा वर्षं. ज्यांची मुलं पत्रादेवीला पडली त्यांना 'आता थांबा' हे ऐकून काय वाटलं असेल, याचा विचार मी अजून करते.

पण चळवळ थांबली असं मात्र कोणी समजू नये. नोव्हेंबर १९५५ मध्ये वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सरहद्दीवरच्या जंगलातून भूमिगत रेडिओ सुरू केला. कोंकणी आणि पोर्तुगीजमधून तो १९६१ पर्यंत बोलत राहिला. आमच्या आळीत एकाच घरी रेडिओ होता. आवाज अगदी बारीक ठेवून, खिडक्या लावून माणसं भोवती बसत, आणि मुलांना अंगणात राखणीला ठेवत, असं आजी सांगायची.

आर्थिक नाकेबंदी म्हणजे काय? तिचा त्रास कोणाला झाला?

भारताने गोव्याशी व्यापार बंद केला, येण्याजाण्यावर परवान्याची अट घातली, मनिऑर्डरी बंद केल्या. कॅसलरॉकहून कुळ्याला उतरणारी रेल्वे थांबली. मुंबई-पणजी आगबोट थांबली. हेतू असा की गोव्याची कोंडी झाली की सालाझार वाटाघाटीला येईल.

सालाझार आला नाही. त्याने तांदूळ पाकिस्तानातून आणला, बटाटे हॉलंडहून. दाबोळीचा विमानतळ ह्याच काळात सुरू झाला आणि कराचीला विमानं जाऊ लागली. खाणींचं लोखंड जपान आणि पश्चिम जर्मनीकडे जोरात निघालं. ज्यांच्या खाणी होत्या त्यांची भरभराट झाली.

आता माझ्या आजीचं ऐका. तिचं माहेर बांद्याजवळ, सासर पेडण्यात. आजोबा मुंबईला गिरणीत. ह्या तीन ठिकाणांवर तिचा संसार उभा होता आणि तिन्हींच्या मधून रेघ गेली. दर महिन्याची मनिऑर्डर बंद पडली. गोव्यातली किती घरं मुंबईच्या पैशावर चालत होती हे सरकारला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? ख्रिस्तांव बोटीवर खलाशी किंवा मुंबईत खानसामा, आमचे हिंदू गिरणीत, छापखान्यात, नाहीतर दुकानात. कुडींमध्ये, म्हणजे मुंबईतल्या गोंयकारांच्या सामायिक बिऱ्हाडांत, राहून वाचवलेला पैसाच घरी यायचा. आजीने नथ गहाण टाकली, मग पाटल्या. शेवटी शेजारच्या बाईबरोबर काजीच्या बिया वेचायला जाऊ लागली.

तिचा थोरला भाऊ वारला तो माहेरी. घर चालत गेलं तर सकाळची निघालेली दुपारच्या जेवणाला पोचेल एवढंच लांब. तिला कळलं तेव्हा तेरावं होऊन गेलं होतं. निरोप आणणारा माणूस रात्री रानातल्या वाटेने आला होता, आणि भावाच्या घरच्या आमसुलांची पुरचुंडी घेऊन आला होता. आजीने ती आमसुलं कधी वापरली नाहीत. बरणीत तळाशी काळी पडून वाळून गेलेली मी पाहिली आहेत.

तेव्हा त्रास कोणाला झाला ह्याचं माझ्यापुरतं उत्तर हे आहे. तरीही ती पोर्तुगालच्या बाजूने कधी एक शब्द बोलली नाही, हेही लिहायला हवं.

अमेरिका आणि रशिया कोणत्या बाजूला होते?

पोर्तुगाल १९४९ पासून नाटोत, म्हणजे अमेरिका आणि तिच्या मित्रांच्या लष्करी गटात, होता आणि पोर्तुगालच्या अझोर बेटांवरचा विमानतळ अमेरिकेला हवा होता. ह्या दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या की पुढचं सगळं समजतं. नाटोच्या करारात गोवा बसत नव्हता, पण मित्राला दुखवायचं नव्हतं.

१९५५ च्याच हिवाळ्यात सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन भारतात आले आणि गोवा भारताचा असं जाहीरपणे बोलून गेले. त्यांचा आशियाचा दौरा चालू असतानाच, २ डिसेंबरला, अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस आणि पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री कुन्हा यांनी वॉशिंग्टनमधून संयुक्त निवेदन काढलं आणि त्यात आशियातल्या पोर्तुगीज 'प्रांतां'चा उल्लेख केला. एक शब्द, पण भारतात आगडोंब उसळला. चार महिन्यांपूर्वी वीसहून अधिक माणसं मारणाऱ्या सरकारचीच परिभाषा अमेरिकेने उचलली होती. भारत सोव्हिएत संघाकडे का झुकला ह्याची पुष्कळ कारणं सांगतात. त्या यादीत गोवा वर असायला हवा.

ब्रिटनची पोर्तुगालशी १३७३ पासूनची मैत्री. ती निभावताना त्यांची ओढाताण झाली, पण गोव्यासाठी भारताशी लढायला ते येणार नव्हते.

पोर्तुगाल आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला तो ह्याच प्रकरणी ना?

नाही. खटला दादरा-नगर हवेलीचा होता. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यसैनिकांनी ते मुलूख मुक्त केले आणि भारताने दमणहून पोर्तुगीज कुमक जाऊ दिली नाही. १४ डिसेंबर १९५५ ला पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला आणि आठवड्याभरात, २२ डिसेंबरला, हेगच्या न्यायालयात दाखल झाला : आम्हाला आमच्या मुलखात जायला वाट द्या.

मराठी माणसाने हा खटला मुद्दाम समजून घ्यावा, कारण त्याचं मूळ पेशवाईत आहे. पोर्तुगालने पुरावा म्हणून काढला तो १७७९ चा पुण्याचा तह आणि १७८३ व १७८५ च्या सनदा. त्यांचं म्हणणं, मराठ्यांनी ही गावं आम्हाला सार्वभौम हक्काने दिली. भारताचं म्हणणं, दिला तो फक्त वसूल. मग हेगमध्ये, नाना फडणिसांच्या काळातल्या मराठी कागदांचा कीस पडला. न्यायालयाने मानलं की मराठ्यांनी दिलं ते वर्षाला १२,००० रुपयांचं उत्पन्न, म्हणजे सरंजाम; राज्य दिलं नव्हतं. इंग्रजांच्या काळात पोर्तुगालची सत्ता तिथे गृहीत धरली गेली, तो भाग वेगळा. भारताच्या बाजूचे खास न्यायाधीश म्हणून महंमद करीम छागला बसले होते.

१२ एप्रिल १९६० ला निकाल लागला. खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाट मिळण्याचा हक्क होता; सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांना नव्हता. हा दुसरा भाग ८ विरुद्ध ७ मतांनी, एका मताच्या फरकाने ठरला. आणि भारताने आपलं कर्तव्य मोडलेलं नाही, असं ९ विरुद्ध ६ मतांनी. दोन्ही देशांनी आपण जिंकलो म्हणून सांगितलं.

पत्रादेवीच्या गोळीबारावर मात्र कोणत्याही न्यायालयात सुनावणी झाली नाही.

पकडलेल्या सत्याग्रहींचं काय झालं?

नानासाहेब गोरे, मधू लिमये आणि इतर पुष्कळ जण दहा-बारा वर्षांच्या शिक्षा घेऊन बसले होते. ते १९५७ च्या सुरुवातीला सुटले. बाहेरून आलेल्यांची निदान देशभर ओळख होती. गोव्यातल्या कैद्यांची ती नव्हती.

मोहन रानड्यांचं उदाहरण घ्या. सांगलीचा हा माणूस गोव्यात मराठी शिक्षक म्हणून आला आणि आझाद गोमंतक दलात गेला. मार्ग सशस्त्र होता. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात गोळी लागून पकडले गेले आणि पुढे त्यांना पोर्तुगालच्या तुरुंगात नेलं. गोवा १९६१ ला मुक्त झाला. रानडे सुटले जानेवारी १९६९ मध्ये. लिस्बनमध्ये आपली वकिलात नसल्याची किंमत ही. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडक्यांनी किती खस्ता खाल्ल्या हे महाराष्ट्रात पुष्कळांना ठाऊक आहे. तेलू मास्कारेन्हस तर त्यांच्याही नंतर, १९७० मध्ये सुटले.

हा हिंदू-ख्रिस्ती वाद होता का?

नव्हता. त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा, ज्युलियांव मिनेझिस, पीटर अल्वारिस, आल्फ्रेद आफोंस ही चळवळीतली ख्रिस्ती नावं वाचा.

१९६१ मध्ये सैन्य पाठवल्यावर भारताची जगात नाचक्की झाली का?

टीका झाली, खूप झाली. नोव्हेंबर १९६१ मध्ये अंजदीव बेटावरून भारतीय बोटीवर आणि मच्छीमारांवर गोळीबार झाला, आणि १७-१८ डिसेंबरच्या रात्री सैन्य आत शिरलं. १८ तारखेला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी भारताने माघार घ्यावी असा ठराव आणला. बाजूने सात मतं पडली. विरोधात सोव्हिएत संघ, सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक (म्हणजे इजिप्त). सोव्हिएत नकाराधिकाराने ठराव पडला. दुसऱ्या दिवशी गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्व्हा शरण आले.

अहिंसेच्या देशाने बळ वापरलं म्हणून पाश्चात्त्य वर्तमानपत्रांनी नेहरूंना धारेवर धरलं. पण अहिंसेची पाळी १९५५ मध्ये येऊन गेली होती, आणि तेव्हा तिच्या बाजूने एवढ्या मोठ्या आवाजात कोण बोललं होतं? शिवाय डिसेंबर १९६० मध्ये आमसभेने गोव्याचा समावेश स्वयंशासन नसलेल्या प्रदेशांत केलाच होता. 'सागरापारचा प्रांत' हे सोंग तिथेच उघडं पडलं होतं.

किंमत मात्र पुन्हा भलत्यांनीच मोजली. पोर्तुगालने मोझांबिकमधल्या भारतीयांना छावण्यांत डांबलं, त्यांची मालमत्ता अडकवली. गोव्यात पकडलेले हजारो पोर्तुगीज सैनिक १९६२ च्या मे महिन्यात मायदेशी गेले. त्यांच्याच सरकारने त्यांना परत नेण्याची फारशी घाई केली नाही.

संबंध पुन्हा कधी जुळले?

एप्रिल १९७४ मध्ये लिस्बनची हुकूमशाही कोसळल्यावर. ३१ डिसेंबर १९७४ ला दिल्लीत करार झाला. पोर्तुगालकडून मारियो सोआरिस आणि भारताकडून तेव्हाचे परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी सह्या केल्या. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली इथली भारताची सत्ता पोर्तुगालने मान्य केली आणि राजनैतिक संबंध परत सुरू झाले. गोळीबाराला तेव्हा एकोणीस वर्षं उलटली होती.

स्मारक कुठे आहे? कधी जावं?

मुंबई-गोवा महामार्गाने बांदा ओलांडलं की गोव्याच्या हद्दीवर पत्रादेवी लागते. नाक्यावर ट्रकांची रांग असते आणि बहुतेक गाड्या न थांबता पुढे जातात. १५ ऑगस्टला सरकारी कार्यक्रम होतो, गर्दी असते. निवांत पाहायचं असेल तर श्रावणातल्या एखाद्या साध्या दिवशी सकाळी जा. छत्री न्या. मुलं बरोबर असतील तर त्यांनाच नावं वाचू द्या, आणि नावापुढचं गाव कुठे आहे ते नकाशात शोधायला सांगा. माझ्या वर्गाला इसरू शोधायला पाऊण तास लागला होता.